अठ्ठ्याहत्तर टक्के

देवबागच्या ह्युबर्ट फर्नांडिसला तीन मुली. त्यातली थोरली जेसिंता आकडेमोडीत पहिल्यापासून तयार. ह्युबर्ट कर्लीच्या खाडीत होडी घालायचा. भरती-ओहोटीच्या वेळा तो बोटांवर मोजायचा, आणि पाचवीतली जेसिंता त्याच वेळा पाटीवर मांडून त्याला मिनिटासकट सांगायची. "आमच्या घराण्यात ह्या डोक्या खयसून इला, देव जाणे," असं तो चर्चमधून बाहेर पडताना ज्याला त्याला सांगत सुटायचा.

कुडाळला बी.एस्सी. आणि कोल्हापूरला एम.एस्सी. करून जेसिंता परत आली. एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवू लागली. दर जूनला नेमणुकीचा नवा कागद मिळायचा आणि दर एप्रिलला त्याची मुदत संपायची. अशी नऊ वर्षं गेली. दहाव्या वर्षी कायमची जागा निघाली, ती दुसऱ्याच कुणाला मिळाली. तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. लग्न राहून गेलं होतं, आई गेली होती, बहिणी गोव्यात संसाराला लागल्या होत्या. बापाला घेऊन तिने मालवणात दोन खोल्या घेतल्या आणि घरीच बारावीच्या शिकवण्या सुरू केल्या.

कट्टा गावाच्या रस्त्याला भाई सामंतांचा कोकमाचा कारखाना होता. आमसुलं, आगळ, सरबत असा माल. भाईंना सरकारी कागदांसाठी शिकलेला माणूस हवा होता. ते स्वतः जेसिंताच्या दारात आले आणि म्हणाले, "टीचर, माका रसायनातला काय्येक कळणा नाय. तुमी येवा. तुमका हवी तशी खोली करून देतंय."

आणि त्यांनी ती करून दिली. माडीवर पांढऱ्या फरश्यांचा ओटा, काचेची भांडी, नाजूक तराजू, पीएच मोजायचं यंत्र. दारावर रंगाऱ्याकडून 'प्रयोगशाळा' असं लिहून घेतलं. नऊ वर्षं दुसऱ्याच्या कपाटातली भांडी मागून वापरलेल्या जेसिंताला पहिल्या दिवशी त्या खोलीत उभं राहून रडू आलं होतं. 'तुमी'चं 'तू' व्हायलाही मग फार दिवस लागले नाहीत. भाई तिला घरच्यासारखंच वागवत.

खाली बाटल्या धुण्याच्या जागेवर मथुरा होती. पन्नाशीची, सडपातळ, कमी बोलणारी बाई. कारखाना सुरू झाल्यापासून तिथेच. गरम पाण्यातून काढलेली प्रत्येक बाटली ती उजेडाला धरून बघायची, तळाशी एवढासा डाग दिसला तरी बाजूला टाकायची. दुपारी दोघी एकत्र जेवत. मथुरा भाकरीबरोबर सुकटीची चटणी आणायची आणि त्यातली अर्धी न विचारता जेसिंताच्या डब्याच्या झाकणात वाढायची. आठ वर्षं हे असं चाललं.

मग एका पावसाळ्यानंतर भाईंचा पुतण्या दीपेश पुण्याहून येऊन धंद्यात पडला. मुलगा कष्टाळू, पण घाईचा. देवबाग-तारकर्लीच्या होमस्टेमध्ये फिरून आल्यावर त्याचं म्हणणं पडलं, की पर्यटकांना आपलं सरबत फार आंबट लागतं, मुलं तर तोंड वाकडं करतात. पाणी न घालता थेट पिता येईल असं, सौम्य चवीचं काहीतरी बाटलीत द्यायला हवं. त्यासाठी त्याने सोडियम सायट्रेट आणलं. हा एक साधा क्षार. सोडा-सरबतांत सर्रास घालतात आणि आंबटपणा मारतो. चव खरंच छान झाली. रंग मात्र उतरला. कोकमाचा तो लालभडक रंग जरा मळकट, जांभळट दिसू लागला. जेसिंताने तो पाहिला आणि तिला ते थोडं खटकलं. पण चवीच्या आनंदात सगळे होते.

प्रश्न एवढाच होता, की हे टिकेल का?

सरबत टिकावं म्हणून त्यात सोडियम बेंझोएट घालतात. आंबट सरबतात गेल्यावर त्याचं बेंझोइक आम्ल होतं. हे दुबळं आम्ल. पाण्यात त्याचे काही रेणू तुटून आयन होतात, काही अखंड राहतात. सरबत नासवणाऱ्या यीस्टला मारण्याचं काम हे अखंड रेणूच करतात. तुटलेले रेणू यीस्टच्या आत शिरू शकत नाहीत. म्हणजे किती घातलं यापेक्षा, घातलेल्यातलं किती अखंड राहिलं याला महत्त्व. लिटरला एकशेवीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त घालायची परवानगी नाही. तेव्हा त्या एकशेवीसातलं शाबूत किती राहील, ते जेसिंताने काढायचं होतं.

नोव्हेंबरातली सकाळ. खाली टेम्पो लागलेला, दीपेशचा फोन वाजत होता, आणि भाई प्रयोगशाळेच्या दारात हाताची घडी घालून उभे.

"हो की नाय, एवढाच सांग गो."

तिने कागद ओढला. आम्लाचा स्थिरांक लिहिला, लिटरला किती मोल ते लिहिलं, वर्गसमीकरण मांडलं आणि सोडवलं. बावीस टक्के तुटतं. अठ्ठ्याहत्तर टक्के शाबूत.

"अठ्ठ्याहत्तर टक्के," ती म्हणाली. "चलात."

"झाला तर मग." भाई खाली गेले.

त्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे नमुन्याचा पीएच मोजला आणि नोंदवहीत लिहिला: ४.८. जुन्या सरबताचा ३.२ असायचा; पीएच जितका कमी, तितकं आंबट जास्त. आकडा वेगळा आहे हे तिला दिसलं, पण सायट्रेट घातल्यावर वेगळा येणारच, असं मनाशी म्हणून तिने वही मिटली. चवीच्या चाचणीसाठी तिने स्वतः उकळलेल्या सहा बाटल्या भरून ठेवल्या होत्या; त्या नमुना म्हणून कपाटात गेल्या. बाकी माल देवबागला.

नाताळ झाला. जेसिंताने बापाला आवडतात म्हणून नेवऱ्या केल्या, नारळ-गुळाचा दोदोल केला. आणि नाताळच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या चुलत बहिणीचा, जॉयसीचा फोन आला. जॉयसीचं देवबागला चार खोल्यांचं होमस्टे होतं.

"जेसिंता, तुमच्या त्या नव्या बाटल्यो... गो, त्यांची झाकणा फुगली हत. एक तर उघडताना फुसकन् वर इली. आणि माजी पावणी, कोल्हापूरची, सगळी रात्रभर ओकतत. त्यांचा पाच वर्षांचा चेडू आसा, दिव्या. तेका आता दवाखान्यात नेला."

"कोणी कोणी प्याली?"

"सगळ्यांनी. त्या चेडवाक आवडला म्हणान तीन ग्लास दिले त्याच्या आवशीन."

दिव्या तीन दिवस सलाइनवर होती. दुसऱ्या दिवशी जेसिंता दवाखान्यात जाऊन दारातूनच बघून आली. अर्धा पलंगही न भरणारी एवढीशी मुलगी, हाताला पट्टी बांधलेली, डोळे आत गेलेले. बाजूला तिची आई भिंतीला डोकं टेकून बसली होती. आपण कोण, हे जेसिंताला सांगता आलं नाही. ती तशीच परतली. चौथ्या दिवशी मुलीला घरी सोडलं आणि ती माणसं कोल्हापूरला निघून गेली. जॉयसीकडची जानेवारीची सगळी नोंदणी रद्द झाली.

भाईंनी दुकानांतून सगळा माल परत आणवला आणि खड्डा खणून ओतून टाकला. अन्न खात्याचे अधिकारी आले, नमुने घेऊन गेले, कारण लेखी द्या म्हणाले. कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. दीपेशने त्याच दिवशी सांगितलं, "बाटल्या नीट धुतल्या नाहीत. दुसरं काय असणार? टिकवायचं औषध घातलेलं आहे, गणित झालेलं आहे."

गणित झालेलं आहे. हे तो जेसिंताकडे बघून म्हणाला, आणि जेसिंताने मान हलवली.

मथुराला ऑफिसात बोलावलं. ती पदराला हात पुसत आली.

"मी बाटल्यो धुतलंय त्या तशेच धुतलंय, जशे अकरा वर्सा धुतंय," ती भाईंना म्हणाली. मग जेसिंताकडे वळली. "बाय, तू बघतंस मा रोज? सांग तू."

जेसिंताने मथुराच्या ओल्या हातांवरून नजर काढली. मग ऑफिसातली मराठी बोलली: "एखाद्या वेळी नजरचुकीने होऊ शकतं, मथुरावयनी."

मथुराने आपला डबा घेतला, कोपऱ्यातल्या चपला घातल्या आणि गेली. संध्याकाळी खात्याला द्यायचा कागद तयार झाला: बाटल्या धुण्यात कामगाराची हयगय, संबंधित कामगारास कमी केले आहे, नवीन माणसे नेमली आहेत. खाली केमिस्ट म्हणून जेसिंताने सही केली.

त्यानंतर दुपारी ती डबा माडीवर एकटीच खाऊ लागली. बापाने एकदा विचारलंही, "तुज्या तोंडार काय झाला गो?" ती म्हणाली, काम जास्त आहे. आणि काम होतंच. आंगणेवाडीची जत्रा जवळ आली होती. तिथल्या स्टॉलसाठी दीपेशने त्याच सौम्य सरबताचा दुसरा माल भरायला घेतला होता. या वेळी बाटल्या धुवायला तीन बायका लावल्या होत्या.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, जेसिंता चर्चमधल्या मासाच्या प्रार्थनेवरून परतल्यावर, भक्ती शिकवणीला आली. बारावीची मुलगी, महिनाभरावर परीक्षा; नोकरी धरल्यावरही रविवारच्या शिकवण्या जेसिंताने सोडल्या नव्हत्या. बफर द्रावणावरचं उदाहरण तिने सोडवून आणलं होतं. एका लिटरात ॲसिटिक आम्ल इतकं, त्याचंच सोडियमचं मीठ तितकंच. तर आम्लाचं आयनीभवन किती टक्के?

भक्तीचं उत्तर होतं, एक पूर्णांक तीन.

"हे वर्गमूळ कुठून आणलंस?" जेसिंताने तांबड्या पेनने रेघ मारली. हे उदाहरण तिने शंभर वेळा शिकवलं असेल. "हे सूत्र आम्ल पाण्यात एकटं असतं तेव्हाचं. इथे ते एकटं नाहीय. सोबत मीठ आहे. दोघं मिळून बफर झाला. बफर म्हणजे काय? द्रावणाची आम्लता एका जागी धरून ठेवणारा. मग आम्लाचं किती तुटायचं हे आता त्याचं त्याने ठरवायचं राहिलं नाही. आधी द्रावणाचा पीएच बघायचा आणि त्यावरून तुटलेलं-न तुटलेलं यांचं गुणोत्तर काढायचं. इथे दहा हजारांत जेमतेम दोन रेणू तुटतील. तू एकशेचौतीस तोडलेस."

"म्हणजे बफरमध्ये नेहमीच कमी तुटतं?" भक्तीने विचारलं.

"तसं नाही. बफर कुठल्या पीएचला धरून ठेवतोय त्यावर आहे. समज, दुसऱ्याच कशाचा बफर असला आणि त्याने पीएच वर धरला, सायट्रेटचा समज, तर उलट तुटणं वाढ..."

तिने तांबडा पेन खाली ठेवला.

"टीचर?"

"आज एवढंच कर," जेसिंता म्हणाली. "उरलेली घरी सोडव. जा."

भक्ती गेल्यावर तिने दाराला कडी घातली आणि तोच तांबडा पेन घेऊन बसली. चार पूर्णांक आठ. ही तिच्याच अक्षरातली नोंद, तिला वही उघडून बघायची गरज नव्हती. बेंझोइक आम्ल ज्या पीएचला बरोबर अर्धं तुटतं, तो आकडा चार पूर्णांक दोन. फरक शून्य पूर्णांक सहा. पीएचच्या मोजपट्टीवर शून्य पूर्णांक सहा म्हणजे चारपट. चार तुटलेले, एक अखंड. ऐंशी टक्के तुटलेलं, वीस टक्के शाबूत. तिने अठ्ठ्याहत्तर म्हणून सांगितलं होतं. एकशेवीस मिलिग्रॅमातलं कामाला उरलं होतं चोवीस. जुन्या आंबट सरबतात दहातले नऊ रेणू अखंड राहत, म्हणून आठ वर्षं काही बिघडलं नाही. आणि नुसती यीस्टच नव्हे. आंबटपणाच गेल्यावर एरवी त्यात तग न धरणारे इतर जीवही वाढायला मोकळे झाले होते.

तिने बेंझोइक आम्ल शुद्ध पाण्यात एकटं असल्यासारखं गणित केलं होतं. बारावीतली भक्ती चुकली तीच चूक. तीही आकडा हाताशी असताना, स्वतः मोजलेला असताना.

तिला दवाखान्यातली ती मुलगी दिसली. मग मथुराचा चेहरा दिसला, तो मात्र हटेना.

ह्युबर्ट आतल्या खोलीतून काठी टेकत आला. लेक रडते आहे हे बघून तो समोर बसला. तिने सगळं सांगितलं. आयन-रेणू त्याला कळले नसतील, पण मथुराचं नाव कळलं.

"ती बाय आपल्याकडे दर नव्या वर्साक येय," तो म्हणाला. "अवंदा येवक नाय म्हणान मी विचारतलंय होतंय."

"पप्पा, मी सही केलंय तिच्या विरोधात."

"मग ती सही तुकाच काढूक होई. माज्याकडे काय बघतंस?"

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेली. प्रयोगशाळेतलं ते कपाट उघडलं. नोव्हेंबरात तिने स्वतः उकळून, स्वतः भरून, स्वतः झाकण लावलेल्या सहा बाटल्या तिथे होत्या. मथुराचा हात त्यांना लागलेला नव्हता. सहातल्या चार बाटल्यांची झाकणं फुगलेली. हे कपाट आपण महिनाभर का उघडलं नाही, याचं उत्तर तिला स्वतःला नीट देता येईना. विसरले, असं म्हणता आलं असतं. पण ते पुरतं खरं नव्हतं.

भाई आल्यावर तिने चारही बाटल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या, शेजारी दोन कागद ठेवले, नोव्हेंबरातला आणि कालचा. भाईंनी बाटल्यांकडे पाहिलं. कागदांकडे पाहिलं नाही.

"काय ता तोंडान सांग."

"चूक माजी, भाईनू. बाटल्यांची नाय, मथुरावयनीची नाय. औषध कितपत काम करतला ता मी उलटा सांगलंय. आणि जत्रेचो माल तसोच भरतत. तो जावक देव नकात."

भाई खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी दीपेशला हाक मारून जत्रेचा माल थांबवायला सांगितला. दीपेश वाद घालायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला एकच बाटली दाखवली. तो खाली गेला. भरलेल्या सगळ्या बाटल्या त्याच दुपारी रिकाम्या केल्या. त्या बाबतीत भाईंनी क्षणभरही मागेपुढे पाहिलं नाही, हे जेसिंता नंतरही सगळ्यांना सांगायची.

पण दुसऱ्या गोष्टीला ते तयार होईनात.

"मथुराक मी उद्या बोलवन घेतंय परत. झाला? खात्याक गेलो तो कागद गेलो. पोर बरा झाला. आता नव्यान कित्याक उकरून काढतंस?"

"त्या कागदार तिचा नाव आसा, भाईनू."

"आणि तू नवो कागद दिलंस तर कारखान्याचा नाव जातला. केमिस्टाची चूक म्हटल्यार ते हयसर कुलूप लावतले. बावीस बायका आसत खाली. तेंका तू सांगतलंस?"

आदल्या रात्रीपासून तिलाही हेच छळत होतं.

"मी तुज्या दारात इलेलंय," भाई हळू आवाजात म्हणाले. "खोली बांधून दिलंय तुका. या वयात माका ह्या दाखवतंस?"

ती माडीवर गेली. ओट्यापाशी उभी राहून तिने प्रमाण मराठीत, कार्यालयीन भाषेत एक पानाचं पत्र लिहिलं. आपण केलेलं गणित, त्यातली चूक, नोंदवहीतला पीएच, सहा बाटल्यांची हकीकत. 'दिनांक अमुकच्या खुलाशात श्रीमती मथुरा यांच्यावर ठेवलेला ठपका चुकीचा असून त्यावर मी पुरेशी खातरजमा न करता सही केली,' हे वाक्य तिने तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. एक प्रत भाईंच्या टेबलावर ठेवली आणि दुसरी घेऊन दुपारच्या एसटीने ओरोसला, अन्न खात्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन दिली.

भाई म्हणाले होते तसंच झालं. खात्याने कारखाना बंद ठेवायला लावला. सगळी पद्धत तपासून नवी परवानगी मिळेपर्यंत. फेब्रुवारी, मार्च, एप्रिलचा निम्मा. ऐन हंगाम. बावीस बायका घरी बसल्या. त्यातल्या काहींनी काजूच्या कारखान्यात काम धरलं, काहींना ते मिळालं नाही. त्यांच्यातली एक जण मालवणच्या बाजारात जेसिंताला समोरून येताना दिसली, की रस्ता बदलायची. एकीने तोंडावर सांगितलं, "तुज्या शिक्षणान आमची चूल इजवली." जेसिंता ऐकून घ्यायची. तिने स्वतःही नोकरी सोडली होती. पण शिकवण्या असल्यामुळे तिची चूल पेटत होती, हा फरक त्या बाईला ठाऊक होता आणि जेसिंतालाही.

पत्र दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती मथुराकडे गेली होती. मथुरा अंगणात पावसाळ्यासाठी शेणी लावत होती. तिने हात धुतले, जेसिंताला ओट्यावर बसायला सांगितलं, पाणी दिलं. स्वतः उभीच राहिली. जेसिंताने सगळं सांगितलं, पत्राची प्रत पुढे केली, आणि मथुराला वाचता येत नाही हे आठवून पुन्हा मागे घेतली. मग वाचून दाखवली.

मथुरा शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"गणित चुकला ता चुकला," ती म्हणाली. "माका त्याचा काय नाय. माणूस चुकता. पण त्या दिवशी मी तुका विचारलंय तेव्हा तुका गणित चुकला ह्या म्हायती नव्हता. माजे हात म्हायती होते. आठ वर्सा तू माज्या बाजूक बसान जेवलंस. तेवढा सांगूक तुका गणित कित्याक होया?"

जेसिंता म्हणाली, "माका भय वाटला."

"होय," मथुरा म्हणाली. "ता दिसला माका."

तिने पेला उचलला आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. जेसिंता थोडा वेळ बसली आणि उठली.

एप्रिलच्या मध्यावर कारखाना उघडला. भाई आपल्या गाडीने मथुराच्या घरी गेले आणि अंगणात उभं राहून, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात, तिला कामावर बोलावलं. दोन दिवस तिने काही कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. कुडाळहून एक तरुण केमिस्ट येऊ लागला. सौम्य सरबत बंद झालं ते झालंच. भाई जेसिंताशी बोलत नाहीत. चर्चच्या फेस्ताला दर वर्षी ते मेणबत्त्यांची पेटी पाठवायचे, ती यंदा आली, पण दीपेशच्या हाती.

मुलीच्या आईचा फोन नंबर तिने जॉयसीकडून घेतला होता. कोल्हापूरच्या त्या आईला तिने फोन केला, नाव सांगितलं, चूक आपली होती असं सांगितलं. मग ती बाई म्हणाली, "आता कशाला सांगताय?" आणि फोन ठेवला. तिचं तरी काय चुकलं, असं जेसिंताला वाटलं.

आता ती शिकवण्याच घेते. आयनीभवनाचा धडा आला, तेव्हा भक्तीच्या नंतरच्या तुकडीतल्या मुलांना तिने स्वतःचं उदाहरण घालून दिलं: बेंझोइक आम्ल, सायट्रेटचा बफर, पीएच चार पूर्णांक आठ. मुलं वर्गसमीकरण सोडवून अठ्ठ्याहत्तर टक्के शाबूत म्हणून मोकळी झाली. तिने फळ्यावर ते खोडून वीस लिहिलं आणि मग खाली बसून, एकही नाव न घेता, पण काहीही न वगळता त्यांना गेल्या वर्षीची हकीकत सांगितली. ह्युबर्ट आतून ऐकत होता.

गेल्या महिन्यात सोमवारच्या बाजारात मथुरा भेटली. टोपलीत तांबडी भाजी होती. रस्ता बदलायला जागा नव्हती, आणि तिने तो बदललाही नसता.

"त्या पोराचा काय झाला?" तिने विचारलं. "दिव्याचा."

वर्षभरात कुणीच हे विचारलं नव्हतं.

"जॉयसीक फोटो इलो होतो शाळेतलो," जेसिंता म्हणाली. "पयलीत गेला. बरा आसा म्हणतत."

"बरा तर बरा," मथुरा म्हणाली. भाजीवाल्याने सुटे दिले ते तिने कनवटीला लावले, टोपली डोक्यावर घेतली. दोन पावलं गेल्यावर ती थांबली.

"बापाशीक विचारलंय म्हणान सांग," ती म्हणाली आणि गर्दीतून एसटी स्टँडकडे निघून गेली.